आकाशात वैमानिकाला 'काहीतरी' दिसतं, तेव्हा चौकशी नक्की कशाची होते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमची भाची एअरबसवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. मे महिन्यात मस्कत-मुंबई फ्लाइटवर, भारतीय वेळेनुसार पहाटे सव्वातीनच्या सुमारास, ईशान्येला क्षितिजाच्या जरा वर तिला तीन-चार दिवे दिसले. एक पेटायचा, थोडा सरकायचा, विझायचा. तेवढ्यात शेजारी दुसरा. घिरट्या घातल्यासारखं वीसेक मिनिटं चाललं. टीकॅसवर, म्हणजे आसपासची विमानं दाखवणाऱ्या यंत्रणेवर, काही नाही. कंट्रोलला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाला, विचारलं तर 'नो रिपोर्टेड ट्रॅफिक', तिथे कुठलं विमान नाही. कॅप्टन म्हणाले, सोडून दे. ती विचारतेय की लिहून द्यावं का, आणि दिलं तर करिअरला काही होईल का. तुम्ही अलास्कातल्या जपानी विमानाचं प्रकरण वाचून विचारताय की सरकारी चौकशी खरी असते, की फाइल बंद करायचा सोपस्कार.

मी सेफ्टी विभागात असले अहवाल वाचणारा माणूस आहे, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो. गोंधळ एका ठिकाणी आहे. तुम्हाला हवंय 'ते काय होतं' याचं उत्तर. विमानवाहतुकीची यंत्रणा मात्र 'विमानाला धोका झाला का, आणि पुन्हा होऊ शकतो का' एवढंच विचारायला बसवलेली आहे. धोका नव्हता असं दिसलं की तिचं काम संपतं, दिवा कसला होता ते कळलेलं असो वा नसो. बाहेरून बघणाऱ्याला तेच 'दडपलं' असं वाटतं.

अलास्काचंच प्रकरण घ्या. १७ नोव्हेंबर १९८६. जपान एअरलाइन्सचं मालवाहू बोइंग ७४७, फ्लाइट १६२८, पॅरिसहून रेक्याविक आणि अँकरेजमार्गे टोकियोला निघालेलं, पोटात फ्रेंच वाइन. उंची ३५,००० फूट. संध्याकाळी पाचनंतर कॅप्टन केंजू तेराउची यांना डावीकडे दिवे दिसले, नंतर फिकट प्रकाशाची एक प्रचंड आकृती. तिचा आकार त्यांनी विमानवाहू जहाजाशी ताडून सांगितला. त्यांनी हवामान रडार २० मैलांच्या रेंजवर आणलं, तर सात-आठ मैलांवर हिरवा ठिपका. अँकरेज कंट्रोलने वळण्याची परवानगी दिली, फेअरबँक्सच्या आसपास विमानाने पूर्ण ३६० अंशांचा फेरा मारला. कंट्रोलने वाटेतल्या युनायटेडच्या एका विमानाला आणि हवाई दलाच्या सी-१३० विमानाला बघायला सांगितलं. दोघांनाही जपानी विमान दिसलं, बाकी काही नाही.

आता चौकशी. उतरल्यावर त्याच संध्याकाळी एफएएची, म्हणजे अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाची माणसं वैमानिकांशी बोलली. डिसेंबरअखेर बातमी फुटल्यावर जानेवारी १९८७ मध्ये सविस्तर जबाब झाले. कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर यांचे जबाब वेगवेगळे घेतले, कंट्रोलर्सचे लेखी जबाब घेतले, टेप उतरवून काढली, आणि रडारचा नोंदवलेला डेटा अटलांटिक सिटीच्या तांत्रिक केंद्रात पुन्हा चालवून पाहिला. मार्च १९८७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: जमिनीवरच्या रडारवर विमानाजवळ दिसलेला दुसरा ठिपका त्याच विमानाचा होता, आणि प्रकाराला आम्ही दुजोरा देऊ शकत नाही.

'त्याच विमानाचा' म्हणजे कसा? जमिनीवरच्या केंद्राला एका विमानाकडून दोन गोष्टी मिळतात. एक, पत्र्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी, म्हणजे प्रायमरी. दोन, विमानातल्या ट्रान्सपाँडर या उपकरणाने केंद्राच्या विचारणेला दिलेलं उत्तर, म्हणजे सेकंडरी. संगणक दोन्ही जुळवून पडद्यावर एकच खूण दाखवतो. वेळेचा किंवा अंतराचा बारीक फरक पडून जुळणी फसली, की लेबल असलेलं विमान एकीकडे आणि त्याला चिकटून बिनलेबलाचा एक ठिपका दुसरीकडे, असं दिसतं. तो ठिपका विमानाबरोबरच चालतो. घाबरलेल्या क्षणी बघणाऱ्याला तो पाठलाग वाटणारच. हवामान रडारचंही तसंच. ते पाण्याच्या थेंबांसाठी बनवलेलं असतं, आणि हिरवा म्हणजे सर्वांत क्षीण परतावा. मोठी धातूची वस्तू सात मैलांवर असती तर तो हिरवाच राहिला असता, हे मला पटत नाही.

जबाबांत एक गोष्ट लोक वाचतच नाहीत. दिवे तिघांनी पाहिले, पण ती प्रचंड आकृती ठामपणे सांगणारे एकटे कॅप्टन. इतर दोघांची भाषा बरीच सावध आहे. गुरू त्या वेळी दक्षिणेच्या आकाशात ठळक होता, जवळच मंगळ. संशयवादी फिलिप क्लास यांनी या ग्रहांवर बोट ठेवलं. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस मॅकबी यांना ते मान्य नव्हतं. माझं मत: शेवटच्या भागातली एकाच दिशेला टिकून राहिलेली आकृती ग्रह आणि पातळ ढग यांच्यात बसते, सुरुवातीला कॉकपिटसमोर आलेले दिवे त्यात नीट बसत नाहीत. म्हणून 'सुटलं' असं मी म्हणणार नाही. एफएएचे निवृत्त अधिकारी जॉन कॅलाहन यांनी पुढे सांगितलं की सीआयएच्या बैठकीत हे गुपित ठेवायला सांगितलं गेलं. पण ज्या प्रकरणाचे जबाब, उतारे आणि रडारचे कागद एफएएने १९८७ मध्येच लोकांना उपलब्ध करून दिले, ते दडपलं हा शब्द मला जड वाटतो.

आता तुमच्या मनात येणार ते: एवढा अनुभवी वैमानिक ग्रहाला फसेल?

फसू शकतो, आणि प्रशिक्षणामुळे जास्त सहज. वैमानिकाला पहिल्या वर्षापासून शिकवतात की समोरच्या काचेत एकाच जागी स्थिर राहणारा दिवा सर्वांत धोकादायक, कारण टक्करीच्या मार्गावरचं विमान काचेत सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. ग्रह नेमका तसाच वागतो. शिवाय ३६,००० फुटांवरून खरं क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा जवळपास सव्वातीन-साडेतीन अंश खाली असतं. म्हणजे उगवता शुक्र किंवा गुरू तुम्हाला चक्क तुमच्या उंचीवर, कधी त्याहून खाली दिसतो. तारा खाली कसा असेल, असं मेंदू म्हणतो आणि त्याचं विमान करून टाकतो. क्षितिजाजवळची हवा त्याला लाल-हिरवा लुकलुकवते, की नेव्हिगेशन लाइट्सही मिळाले.

जमिनीवरचं उदाहरण हवं असेल तर लडाख. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँगजवळच्या आपल्या जवानांनी सीमेवर तीनशेहून अधिक वेळा 'ड्रोन' नोंदवले. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने नोंदी तपासल्या, तर गुरू आणि शुक्र निघाले. जवान चुकीचं पाहत नव्हते. ते अगदी काटेकोर नोंदवत होते, म्हणूनच उलगडा झाला.

दुसरा मोठा वर्ग आहे अवकाशातून परत येणाऱ्या तुकड्यांचा. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना आठवत असेल: नागपूर, अकोला, जळगावच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडली. चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा परतताना जळाला, तोच हा प्रकार मानला जातो. असा तुकडा साधारण ८० किलोमीटर उंचीवर पेटतो. त्या उंचीवरची वस्तू विमानातून हजार-तेराशे किलोमीटरवरूनही दिसते, आणि वैमानिक सांगतो 'दोन-तीन मैलांवरून गेलं'. उल्का काही सेकंदांत संपते. कक्षेतून येणारा तुकडा सपाट कोनात, एक-दोन मिनिटं, सावकाश जातो. ५ नोव्हेंबर १९९० ला सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटचा टप्पा युरोपवरून असाच गेला आणि अनेक वैमानिकांनी एका रांगेत उडणाऱ्या मोठ्या यानाची वर्दी दिली. मार्च १९६८ मध्ये सोव्हिएत झोंड-४ यानाचे तुकडे अमेरिकेवर जळाले, तेव्हा काही साक्षीदारांना त्यात खिडक्यासुद्धा दिसल्या होत्या. वेगवेगळे ठिपके एका दिशेने चालले की डोळा त्यांच्यामध्ये धड भरून काढतो. जुलै १९४८ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या डीसी-३ च्या दोन वैमानिकांना अलाबामावर 'खिडक्यांचं' यान दिसलं होतं. हवाई दलाने ते पुढे उल्का म्हणून नोंदवलं. झोंडनंतर ते मला पटायला लागलं.

तिसरा वर्ग मात्र खऱ्या धोक्याचा: फुगे आणि ड्रोन. विमान ४८० नॉट्सवर, म्हणजे सेकंदाला जवळपास २५० मीटर. हवेत जवळजवळ स्थिर असलेला दोन मीटरचा फुगा ३०० मीटर बाजूने गेला, तर तो काचेतून सेकंदाला ४५ अंशांहून अधिक वेगाने मागे पळतो. वैमानिक लिहितो, 'प्रचंड वेगाने उलट दिशेने गेलं'. वेग त्याचा नव्हता, तुमचा होता. टीकॅस इथे कामाचा नाही, कारण त्याला फक्त ट्रान्सपाँडरवाले दिसतात. कंट्रोलच्या पडद्यावरून हळू चालणारे प्रायमरी ठिपके बरेचदा गाळले जातात, नाहीतर पक्ष्यांनीच पडदा भरेल. आणि समुद्रावर खूप आत गेल्यावर जमिनीवरचं रडार पोचतच नाही. म्हणून 'रडारवर काही नव्हतं' यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं.

तुमच्या भाचीच्या दिव्यांकडे येतो. मे महिन्यात सव्वातीनला अरबी समुद्राच्या मध्यावर सूर्य क्षितिजाच्या सुमारे ४० अंश खाली असतो, आणि दिशा? ईशान्य. स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात. सूर्य तितका खाली असताना सूर्याच्याच दिशेला, क्षितिजालगत, त्यांच्या सपाट तळावरून ऊन परावर्तित होऊन थेट विमानाकडे येतं. प्रत्येक उपग्रह त्या एका पट्ट्यातून जाताना काही सेकंद भडकतो आणि मावळतो, मागून दुसरा येतो. काही इकडून तिकडे जाणारे, काही उलट. सगळे एकाच जागी पेटत-विझत असल्याने घिरट्या घातल्याचा भास होतो. अंतर अडीच-तीन हजार किलोमीटर! २०२२ पासून जगभर वैमानिकांनी हेच वर्णन केलं आहे. वेळ, दिशा आणि वागणूक तिन्ही जुळतात, म्हणून माझा अंदाज ठामपणे तिकडे झुकतो. तिने ईशान्येऐवजी नैर्ऋत्य सांगितली असती, तर मी हा परिच्छेद लिहिलाच नसता.

म्हणूनच लिहून द्यावं का, याला माझं उत्तर: द्यावं, पण कसं लिहिलंय त्यावर सगळं आहे. नव्वद टक्के अहवाल निकामी होतात ते वैमानिक खोटं बोलतो म्हणून नाही, तर त्यात विशेषणं असतात आणि कोन नसतात म्हणून.

पहिलं, वेळ. युटीसी (जागतिक प्रमाणवेळ), मिनिटापर्यंत, सुरुवात आणि शेवट दोन्ही. 'पहाटे' चालत नाही. दोन मिनिटांच्या चुकीने उपग्रह आकाशात कुठल्या कुठे जातो. वेळ कळली की विमानाची जागा फ्लाइट डेटावरून काढता येते, तरी अक्षांश-रेखांश किंवा जवळचा वेपॉइंट (मार्गावरचा ठरलेला बिंदू), उंची आणि हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) लिहावंच.

मग दिशा आणि कोन. 'दहा वाजता' असं घड्याळी लिहिलं तर चालेल, पण सोबत हेडिंग हवं. उंची हाताने मोजायची: हात लांब करून मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळी १ अंश. आकारही तसाच. मीटर, फूट, 'फुटबॉलच्या मैदानाएवढं' लिहूच नका. एक अंशाची वस्तू एक किलोमीटरवर १७ मीटरची असते, दहा किलोमीटरवर १७५ मीटरची. अंतर माहीत नसताना आकार सांगणं म्हणजे अंदाजावर अंदाज. अंतर का वाटलं हे मात्र जरूर लिहा: ढगाच्या पुढे होतं का मागे, त्याने तारे झाकले का.

आता दोन चाचण्या, ज्या कॉकपिटमध्येच होतात आणि ज्यांच्यावर मी सर्वांत जास्त विसंबतो. एक: आतले दिवे मंद करा, डोकं एक-दीड फूट बाजूला न्या, काचेपाशी हाताची सावली करा. विमानाची काच अनेक थरांची असते. पॅनेलचा दिवा त्यात दोन-तीनदा उमटतो. डोक्याबरोबर दिवा सरकला किंवा सावलीने गेला, तर तो काचेतला. दोन: पुढच्या वेपॉइंटला विमान वळेल तेव्हा बघा. ३० अंश उजवीकडे वळल्यावर दिवा काचेत ३० अंश डावीकडे गेला, तर त्याची खरी दिशा बदललेली नाही. तो फार लांब आहे. वळूनही काचेत तिथेच राहिला, तर प्रतिबिंब तरी आहे किंवा खरंच सोबत काहीतरी चाललंय, आणि मग मात्र मला तो अहवाल लगेच हवा. यासाठी मुद्दाम वळू नका. परवानगीशिवाय वळलात तर धोका तुम्हीच निर्माण केला.

फोटो काढलात तर चौकटीत खिडकीची कड किंवा क्षितिज येऊ द्या, आणि झूम न केलेला एक तरी ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवरचा एकटा पांढरा ठिपका कोणाच्याच कामाचा नाही. दोघा वैमानिकांनी मात्र आपापलं टिपण एकमेकांशी बोलण्याआधी लिहावं. हे कोणी पाळत नाही. उतरेपर्यंत दोघांची गोष्ट एक झालेली असते, आणि एक झालेली गोष्ट म्हणजे एकच साक्षीदार.

कागद जातो कुठे, हे देशावर आणि प्रकारावर अवलंबून. नुसते लांबचे दिवे असतील तर भारतात वेगळा फॉर्म शोधत बसू नका. कंपनीचा स्वेच्छा सेफ्टी रिपोर्ट पुरे. टाळण्यासाठी विमान हलवावं लागलं, किंवा वस्तू जवळून गेली असं वाटलं, तर तो एअरप्रॉक्स, म्हणजे हवेतली धोकादायक जवळीक: तिथल्या तिथे फ्रिक्वेन्सीवर सांगायचं, आणि मग लेखी. तिथून डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा, एअर सेफ्टी विभाग बघतो. विमानतळाजवळ असेल तर सूत्रं हवाई दलाकडेही जातात. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अज्ञात वस्तू दिसली तेव्हा उड्डाणं काही तास थांबली आणि शोधायला राफेल पाठवली गेली. वस्तू पुन्हा दिसली नाही. प्रश्न तिथेही एकच होता, खाली विमानं सोडायची की नाही.

'ते काय होतं' हा प्रश्न अधिकृतपणे विचारणारी कचेरी हवी असेल तर फ्रान्स. तूलूझला अवकाश संस्थेचा जेइपान (GEIPAN) नावाचा विभाग आहे, त्याची सुरुवात १९७७ ची. तो प्रकरणांना अ-ब-क-ड असे चार वर्ग देतो: उलगडलं, बहुधा उलगडलं, माहिती अपुरी, आणि माहिती चांगली असूनही उलगडलं नाही. तिसरा आणि चौथा वर्ग वेगळा ठेवणं ही त्यातली खरी हुशारी. लोक दोन्हीला सरसकट 'अज्ञात' म्हणतात. अमेरिकेत आता पेंटॅगॉनचं आरो हे कार्यालय आहे. नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ७५७ नोंदी होत्या, त्यातल्या ३९२ एफएएकडून आलेल्या, म्हणजे नागरी बाजूच्या. उलगडलेल्यांत फुगे, पक्षी, ड्रोन आणि उपग्रह. २१ प्रकरणं पुढच्या अभ्यासाला ठेवली. उरलेल्या ढिगाऱ्याला माहितीच अपुरी.

करिअरचं. तेराउचींना माध्यमांत बोलल्यानंतर काही काळ टेबलाचं काम मिळालं, असं छापून आलं. ती भीती अजून कॉकपिटमधून गेलेली नाही. उलट उदाहरणही आहे. ६ जानेवारी १९९५ ला मिलानहून मँचेस्टरला उतरणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या ७३७ जवळून काहीतरी गेलं. दोन्ही वैमानिकांनी एअरप्रॉक्स दाखल केला. ब्रिटनच्या गटाला वस्तू ओळखता आली नाही, पण अहवालात त्यांनी कळवण्याचं धैर्य दाखवल्याबद्दल वैमानिकांचं आणि तसं वातावरण ठेवल्याबद्दल कंपनीचं कौतुक केलं. भाचीची कंपनी कशी आहे ते तिलाच ठाऊक. मी एवढंच सांगेन की 'यूएफओ' हा शब्द न वापरता 'अनोळखी दिवे, टीकॅस नाही, मार्ग बदलला नाही' असं लिहिलेल्या टिपणामुळे मेडिकलचा, म्हणजे वैद्यकीय पात्रतेचा प्रश्न उभा राहण्याचं मला काही कारण दिसत नाही. पत्रकाराला किंवा इन्स्टाग्रामवर आधी टाकलं, तर गोष्ट वेगळी.

घाई एका कारणासाठी हवी. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर अनेक विमानांत अजून दोनच तासांचा आहे; तो केव्हाच पुसला गेला. पण कंट्रोलच्या टेप आणि रडारच्या नोंदी आंतरराष्ट्रीय नियमानुसार किमान ३० दिवस ठेवाव्या लागतात. ती मुदत उलटायच्या आत रिपोर्ट गेला, तर सेफ्टी विभाग त्या मागवू शकतो. नंतर मागायला काही उरत नाही.

आणि इथे उत्तर देताना तिचं नाव किंवा फ्लाइट नंबर टाकू नका. तारीख, युटीसी वेळ, विमानाची ढोबळ जागा आणि दिव्यांची दिशा एवढं द्या. त्या रात्रीची उपग्रहांची स्थिती लावून बघायला दहा मिनिटं लागतात.